होऊन रायलं जी

आमच्या भागातल्या बोलीत क्रियापदाला एक शेपूट असतं. 'करून रायलो', 'येऊन रायली', 'होऊन रायलं'. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे ते ऐकून हसतात आणि नाटक-सिनेमावाले ते नेमकं विनोदी पात्राच्या तोंडी घालतात. पण त्या शेपटाची सोय 'होत आहे' मध्ये नाही. 'होत आहे' ही नुसती बातमी झाली. 'होऊन रायलं जी' म्हटलं की काम चालू आहे, माझं तिकडे लक्ष आहे, तुम्ही निवांत बसा, असं सगळं एका दमात सांगून होतं. लग्नघरी दुपारचे दोन वाजलेले असतात, पाहुणा मांडवात चुळबुळ करत असतो, आणि नवरीचा काका जवळून जाताजाता म्हणतो, "भात होऊन रायला जी." पाहुण्याला पुरतं कळतं की आधण अजून उकळायचं आहे. तरी तो बसतो. काका खोटं बोलला असं कोणी म्हणत नाही.

या वाक्याचं आता एक चित्र निघालं आहे. कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर बटण दाबावं, पुढचं पान यायला उशीर लागावा, की पडद्याच्या मधोमध एक गोल फिरायला लागतो. कोणी त्याला लोडिंग म्हणतं, कोणी नुसतं 'गोल', पोरं भवरा म्हणतात. मी चाक म्हणतो, कारण जिच्यामुळे हे सगळं माझ्या डोक्यात शिरलं ती म्हातारी चाक म्हणाली होती.

फुलचूर काही आडरानातलं गाव नाही. गोंदिया शहर वाढत वाढत गावाला येऊन टेकलं आहे. फुलचूर नाक्यावर उभं राहिलं तर शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं हे परक्या माणसाला सांगता यायचं नाही. मोबाइलचा टॉवर गच्चीवरून दिसतो. म्हणजे जंगल आहे, रेंज नाही, नागझिऱ्याचा वाघ वायर खाऊन गेला, अशी कारणं आम्हाला देता येत नाहीत. तरी चाक फिरतं ते फिरतंच.

जुलै महिना होता. रोवणा जोरात चाललेला. ज्यांना आमच्याकडचं धानाचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, रोवण्याचे पंधरा-वीस दिवस हे बाईच्या वर्षभराच्या कमाईचे दिवस. बांधीत चिखल तयार असतो, पऱ्हे उपटून ठेवलेले असतात, आणि पाण्याचा भरवसा नसतो. बायांची टोळी सकाळी एकदा बांधीत उतरली की दिवेलागणीलाच धुऱ्यावर चढते. त्या दिवशी टोळीतून जी बाई सुटली तिची मजुरी बुडाली, आणि तिच्या वाटचा चिखल बाकीच्यांनी तुडवला.

अशा दिवशी आमच्या मोहल्ल्यातली एक म्हातारी सेवा केंद्रात बसली होती. मीही माझ्या एका कागदासाठी तिथंच होतो. कोणत्या खात्याचं संकेतस्थळ ते सांगत बसत नाही, चाक सगळ्यांचं सारखंच फिरतं. म्हातारीचा अंगठा लागणं ही आधी एक लढाई झाली होती. तिनं उमेदीच्या काळात विड्या वळल्या, पुढे चिखलात रोवणा केला. बोटांवरच्या रेषा कधीच्या झिजल्या. चार वेळा तेल पुसून, पदराला घासून, एकदाचा यंत्रानं अंगठा घेतला. पोरानं बटण दाबलं. चाक सुरू झालं.

हा केंद्रातला पोरगा गुणी आहे. बारावीनंतर आयटीआय केलं, कर्ज काढून दुकान टाकलं. त्यानं एक गोष्ट मोठी हुशारीनं केली आहे. पडदा गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवला आहे. पूर्वी तो स्वतःकडे असायचा तेव्हा लोकांना वाटे, हा आत मोबाइलवर गाणी पाहतो आणि आपल्याला ताटकळत ठेवतो. पडदा वळवल्यापासून भांडणं बंद झाली. आता चाकच त्याच्या वतीनं साक्ष देतं.

म्हातारीनं अर्धा तास ते चाक पाहिलं. मग म्हणाली, "का जी बाबू, होते का नाई?"

"होऊन रायलं आजी. बसा."

"रोवना सोडून आली ना मी."

"होते, होते. फिरून रायलं पाहा."

आणखी थोडा वेळ गेला. बाहेर पावसाची एक सर येऊन गेली. म्हातारी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहत होती, आपण जात्यात डोकावतो तशी. तिनं विचारलं, "हे चाक कोन फिरवते, बाबू?"

पोरगा हसला. "कोनी नाई आजी. अपनेआप फिरते."

"अपनेआप?" म्हातारी म्हणाली. "मंग काम कोन करून रायलं?"

बाकावरचे दोघेतिघे हसले. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता. पोराकडे त्याचं उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं.

म्हातारीच्या आयुष्यात जी जी चाकं आली ती सगळी कोणीतरी फिरवली होती. जातं हातानं फिरलं. ऊस पिळणारी घाणी बैलानं फिरली. ढेकी फिरत नाही, वरखाली होते, पण तिच्याही एका टोकाला पाय होता आणि दुसऱ्या टोकाला धान कुटलं जात होतं. पाय थांबला की ढेकी थांबली. चाक फिरणं आणि काम होणं ही तिच्या लेखी एकच गोष्ट होती. मग राईस मिल आल्या. गोंदियाचं नाव मुळात त्यांच्यामुळे. माझ्या लहानपणी बाबांबरोबर बंडीत बसून मी भरडाईला जायचो, पोत्यावर बसून पट्टा फिरताना पाहायचो. डिझेलचं इंजिन, त्यावरून लांबलचक कातडी पट्टा, पट्ट्याच्या पलीकडे यंत्र. कधी हॉपरमधलं धान संपून जाई आणि यंत्र रिकामंच फिरे. आम्ही बाहेर, मिल आत, मध्ये भिंत. तरी ओट्यावर बसलेला कोणताही शेतकरी आवाजावरून सांगे, "खाली चालून रायली." भरल्या यंत्राचा आवाज जड असतो, रिकाम्याचा हलका आणि किरकिरा. लगेच कोणीतरी उठे, भिंतीवर काठी हाणून आतल्या माणसाला जागं करी.

पडद्यावरचं चाक भरलं आहे की रिकामं हे ऐकू येत नाही. माझी सगळी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही.

माझा भाचा पुण्याला असलीच कामं करतो, म्हणजे पानं बनवतो. संध्याकाळी त्याला फोन लावला आणि म्हातारीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तो आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "मामाजी, खरं सांगू? आजी बरोबर बोलल्या. ते चाक तुमच्याच मशीनवर फिरतं."

त्यानं जे समजावलं ते मला कळलं तसं सांगतो. आपण बटण दाबतो तेव्हा दोन वेगळी कामं होतात. एक, आपला अर्ज दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे रवाना होतो. दोन, इथल्याच पडद्यावर एक चाक दाखवलं जातं. ते बनवणाऱ्यानं दोन ओळी लिहिलेल्या असतात: अर्ज धाडताना चाक दाखव, उत्तर आलं की चाक लपव. चाकाचा आणि तिकडच्या कामाचा संबंध एवढाच. मधल्या काळात तिकडं काम चाललं आहे, रांग लागली आहे, की ते यंत्र बंदच पडलं आहे, हे चाकाला ठाऊक नसतं. आणि उत्तर आलंच नाही तर काय करायचं ही तिसरी ओळ लिहायची राहून गेली असेल, तर चाक वीज जाईपर्यंत फिरत राहील.

"आणि मामाजी, आणखी मजा ऐका," तो म्हणाला. "तुमचं इथलंच मशीन जेव्हा खरोखर जोरात कामाला लागतं ना, तेव्हा बरेचदा चाक अडखळतं, थिजून जातं. कारण फिरवायला त्याला फुरसत नसते. चाक एकदम गुळगुळीत फिरत असेल तर समजायचं की निदान इथं तरी कोणी काही करत नाही."

मला आमचा एक सालदार आठवला. मालक धुऱ्यावर दिसला की तो वाकलेला असे. खरं काम करताना मात्र तो मधूनमधून उभा राहून कंबर सरळ करायचा.

पण भाच्यानं बाजू सोडली नाही, आणि त्याची बाजू ऐकण्यासारखी आहे. चाक नव्हतं तेव्हा काय होतं? बटण दाबलं की पान मढ्यासारखं पडून राही. माणसाला वाटे दाबलंच गेलं नाही. तो परत दाबी, परत दाबी. एकाच माणसाचे चार अर्ज जात. पैसे भरायचे असले तर दोनदा कापले जात. शिवाय तिकडच्या यंत्रावर चौपट ओझं पडे आणि सगळ्यांनाच उशीर होई. चाक सांगतं, तुझं ऐकलं, आता हात लावू नको. तेवढं सांगणं खरं आहे.

हे मला पटलं, कारण आमच्याकडे गोष्ट सांगण्याची रीत तीच आहे. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकलेल्या असायच्या, आजी गोष्ट सांगायची, आणि एकानं हुंकार द्यायचा अशी शिस्त होती. प्रत्येक वाक्याला "हूं". हुंकार थांबला की गोष्ट थांबली. हुंकारात गोष्टीविषयी काहीच नसतं, फक्त ऐकणारा जागा आहे एवढंच असतं, आणि सांगणाऱ्याला तेवढं पुरतं. आता आम्हा भावंडांत एक असा होता की तो झोपेतही हुंकार द्यायचा. डोळे मिटलेले, तोंड उघडं, आणि मधूनच "हूं". आजीला ते उमगलं होतं. ती मध्येच म्हणायची, "मग त्या राजानं तुझ्या कानात मुंग्या सोडल्या." तो म्हणायचा, "हूं." आम्ही लोळून हसायचो. आजीकडे परीक्षा घ्यायची सोय होती. चाकाच्या कानात मुंग्या सोडता येत नाहीत.

शहाण्या लोकांनी या थांबण्याचा अभ्यास केला आहे, हे मला भाच्याकडूनच कळलं. कॅनडात शिकत असलेल्या ब्रॅड मायर्स नावाच्या तरुणानं 1985 साली दाखवून दिलं की काम किती झालं हे सांगणारी पट्टी पडद्यावर असली तर माणसं ती नसण्यापेक्षा जास्त पसंत करतात. त्याआधी 1984 च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर थांबण्याची खूण म्हणून मनगटी घड्याळ दिसायचं. विंडोजवर वाळूचं घड्याळ असायचं, 2007 च्या सुमारास ते जाऊन गोल कडं आलं. मला या बदलात काहीतरी गेल्यासारखं वाटतं. वाळूच्या घड्याळातली वाळू कधीतरी संपते, निदान संपायची असते. कड्याला शेवटच नाही. याकोब नील्सन नावाचे या विषयातले जाणकार सांगतात की दहा सेकंदांपलीकडे माणसाचं लक्ष टिकत नाही. दहा सेकंद! त्यांनी आमच्या केंद्रातला बाक पाहिलेला नाही. आमचा हिशेब जिथून सुरू होतो तिथं त्यांचा कधीच संपलेला असतो.

आणखी एक अभ्यास मात्र मनात रुतला. हार्वर्डच्या रायन ब्यूएल आणि मायकेल नॉर्टन यांनी 2011 साली तो छापला. प्रवासाची तिकिटं शोधून देणारं एक बनवलेलं संकेतस्थळ त्यांनी लोकांना दिलं. काहींना उत्तर ताबडतोब मिळालं. काहींना थांबावं लागलं, पण थांबताना आता या कंपनीकडे पाहतो आहे, आता त्या कंपनीकडे, असं दिसत राहिलं. उत्तरं सारखीच. तरी थांबलेल्यांना ती सेवा जास्त मोलाची वाटली. राबताना दिसणाऱ्याची कदर होते, मग ते राबणं खरं असो की चित्रातलं. भाचा म्हणाला, "कधी कधी काम झटकन होतं, तरी आम्ही चाक थोडं फिरू देतो. लगेच झालं तर लोकांचा विश्वास बसत नाही."

हे ऐकून राग यावा की नाही हे मला बराच वेळ ठरवता आलं नाही. आमच्या लहानपणी एक वैद्य होते. रोगी दारातून आत आला की त्याच्या चालीवरून, रंगावरून त्यांना अर्धं कळलेलं असे. तरी नाडी धरून ते बराच वेळ डोळे मिटून बसायचे. त्या वेळात रोगी शांत होई, श्वास सरळ होई, मनातली एखादी लपवलेली गोष्ट आपणहून सांगून टाकी. त्या लांबवलेल्या नाडीला मी खोटं म्हणणार नाही. मग पानवाल्यांच्या दोन सेकंदांना का म्हणावं? आणि लग्नघरच्या काकाला आपण माफ करतो, तर चाकाला का नाही?

माझं उत्तर असं आहे. काकाच्या 'होऊन रायला' मध्ये काका स्वतः अडकलेला असतो. भात नाही झाला तर पाहुणा त्याचीच गचांडी धरणार. तो तिथंच आहे, उपाशी आहे, आणि पाहुण्याला त्याचा चेहरा वाचता येतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्री नाटक असतं. पडद्यामागं पात्रांची सोंगं बदलायची असली की पडद्यापुढं पेटीवाला एक गाणं लांबवतो. सगळ्यांना ठाऊक असतं की हे वेळ काढणं आहे. गाणं फारच लांबलं की मागून शिट्ट्या सुरू होतात. मग पडद्याच्या फटीतून कोणीतरी डोकं काढून सांगतो, "राजाची मिशी हरवली जी, पाच मिनिटं." लोक हसतात, पाच मिनिटं देतात. चाकाला शिट्टी ऐकू जात नाही, आणि पलीकडून कोणी डोकं काढत नाही.

रेल्वेच्या छोट्या लाईनीवर, गोंदियाहून जबलपूरकडे जाणाऱ्या त्या अरुंद गाडीच्या काळात, लहान स्टेशनांवर रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. गाडी मागच्या स्टेशनावरून सुटली की तो वाजवायचे. गाडी उशिरा असेल, तासन् तास उशिरा असेल, पण घंटा झाली म्हणजे ती निघाली. घंटा झाली नाही तोवर माणूस चहा पिऊन यायचा, बाजारातून मिरच्या घेऊन यायचा. गाडी निघाली नसताना लोकांचा जीव रमावा म्हणून स्टेशन मास्तर सतत घंटा वाजवत बसला असता, तर आम्ही त्याला वेडा म्हटलं असतं. कोणी कनवाळू म्हटलं नसतं.

म्हणून चाक फिरण्यात खोटेपणा आहे असं मी म्हणत नाही. चाक एका गोष्टीचं बोलतं आणि माणूस दुसरी ऐकतो, इथं घोळ आहे. ते बोलतं, 'तुझं बटण दाबलं गेलं.' म्हातारी ऐकते, 'तुझं काम कोणीतरी करत आहे, उठलीस तर तुझंच नुकसान.' आणि ज्यानं ते बनवलं त्याला हे ऐकू जाणार हे ठाऊक असतं. त्याच्या टेबलावर, त्याच्या तारेवर, ते एक सेकंद फिरून थांबतं. एका सेकंदाचा धीर देण्यासाठी बनवलेली वस्तू चार तास वापरली की ती धीर राहत नाही. ती दावं होते. जनावर दाव्याला बांधलं की ते निदान हिसका देऊन पाहतं, दावं कुठवर जातं ते त्याला कळतं. माणूस चाकाला बांधला गेला तर तो आपणहून बसून राहतो, आणि घरी गेल्यावर म्हणतो, "आपलंच नशीब."

पूर्वीच्या कचेरीतला बाबू 'उद्या या' म्हणायचा. त्या 'उद्या या'वर आपण किती लिहिलं, किती चिडलो! पण आता मागं वळून पाहता त्यात एक इमान होतं. 'उद्या या' म्हणजे आज जा. माणूस शिवी देत का होईना, पण आपल्या बांधीत परत जायचा. चाक 'उद्या या' म्हणत नाही आणि 'आज होईल' असंही म्हणत नाही. त्यामुळे ते कधी खोटं ठरत नाही, आणि कोणाला त्याचा जाब देता येत नाही. असं बोलणं माणसाला जमत नाही. निदान मला ओळखीचं असं माणूस आठवत नाही.

शाळेत असताना एका मुसलमान मास्तरांनी आम्हाला खलिफा उमरच्या नावानं सांगितली जाणारी एक गोष्ट सांगितली होती. उमर रात्री वेश पालटून हिंडतो आहे. एका तंबूत पोरं भुकेनं रडताहेत आणि आई चुलीवर भांडं ठेवून ढवळते आहे. उमर विचारतो, अन्न तयार आहे तर पोरांना देत का नाहीस? ती म्हणते, भांड्यात पाणी आणि दगड आहेत. ढवळण्याच्या आवाजानं पोरं आशेवर राहतील आणि झोपी जातील. मास्तरांनी तिथं थांबून वर्गाला विचारलं होतं, आई खोटारडी आहे का? आम्ही अर्ध्यांनी हो म्हटलं, अर्ध्यांनी नाही. मास्तर काहीच बोलले नाहीत, गोष्ट पुढं सांगू लागले. उमर धावत कोठारात जातो, पिठाचं पोतं स्वतःच्या पाठीवर घेतो. नोकर म्हणतो, मी उचलतो. उमर म्हणतो, कयामतच्या दिवशी माझं ओझं तू उचलशील का?

तेव्हा मला ती गोष्ट उमरच्या चांगुलपणाची वाटली होती. आता वाटतं, ती भांड्याची गोष्ट आहे. आईला गोष्टीत कोणी दोष देत नाही, कारण ती पोरांच्या शेजारीच, पोरांइतकीच उपाशी बसली आहे. दोष कोठाराकडे जातो. आमच्या केंद्रातला पोरगा त्या आईच्या जागी आहे. तोही सकाळपासून चहावर होता. चाक थांबलं तर त्याचे वीस-तीस रुपये, नाही थांबलं तर तेही नाहीत. 'होऊन रायलं आजी' असं तो म्हणतो तेव्हा पोरगा लबाड नसतो. पण कोठार फार लांब आहे, आणि तिथं रात्री वेश पालटून कोणी हिंडत नाही.

त्या दिवशी चार वाजता पडद्यावर सत्र संपल्याची पाटी आली आणि पहिल्यापासून सुरू करा म्हणून सांगितलं गेलं. म्हातारीला 'सत्र' कळलं नाही. पोरानं सांगितलं, "आजी, आज नाई होत." ती उठली, पदर खोचला, आणि विचारलं, "हे सकारी का नाई सांगतलं?" आवाज चढलेला नव्हता. पोरगा पडद्याकडे बोट दाखवायला गेला आणि त्यानं हात मागं घेतला.

त्यानंतर त्यानं आपल्या दुकानात एक रीत सुरू केली. ती त्याचीच, त्याला कोणी शिकवली नाही. चाक दहा मिनिटं फिरलं की तो सांगतो, "जा तुम्ही कामाले. लागलं त फोन करतो." त्यानं शाळेची शंभर पानी वही ठेवली आहे, नाव, मोबाइल नंबर, काम. रात्री अकरानंतर, जेव्हा गाव झोपतं आणि तिकडची गर्दी ओसरते, तेव्हा तो वही घेऊन बसतो. दिवसा तास तास लटकणारं पान रात्री मिनिटात उघडतं. ओटीपी लागला तर तो तेवढ्या रात्री फोन लावतो आणि कोणाच्या तरी घरचं लेकरू झोपेतून उठून आकडे वाचून दाखवतं. अंगठ्याचं काम मात्र रात्री होत नाही, अंगठ्याला माणूस लागतं. म्हातारीचं काम अंगठ्याचं होतं. ती रोवणा संपल्यावर आली, दोन फेऱ्यांत तिचं झालं.

या रीतीनं त्याचं नुकसानही झालं. ताटकळलेली माणसं बसल्याबसल्या फोटो काढून घ्यायची, झेरॉक्स काढायची, रिचार्ज मारायची. ती गिऱ्हाइकी कमी झाली. शिवाय काही लोक उलट नाराज झाले. एकजण माझ्यासमोर म्हणाला, "तिकडच्या दुकानात बसू तरी देतात. हा त हाकलून लावते." चाकासमोर बसण्यात काही लोकांना खरंच समाधान असतं. आपण आपल्याकडून कसूर केली नाही, दिवसभर बसलो होतो, असं घरी सांगता येतं. त्या समाधानाला मी नावं ठेवत नाही. ज्याच्या हातात दुसरं काही नाही त्याला बसणं हेही काम वाटतं. पण त्याचं ते समाधान आणि म्हातारीची मजुरी एकाच बाकावर ठेवून मोजता यायची नाहीत.

एका गोष्टीवर पोराचं आणि माझं अजून जमत नाही. पडदा त्यानं परत स्वतःकडे वळवून घेतला आहे. तो म्हणतो, "काका, चाक दिसलं की लोक उठतच नाई. न दिसलेलंच बरं." मी म्हणतो, पडदा लोकांकडेच असू दे, आणि शेजारी तुझी वही ठेव. लोकांना दोन्ही दिसू दे. त्याला ते पटत नाही, आणि दुकान त्याचं आहे.

भाच्याचा परवा फोन आला होता. त्याच्या कंपनीत आता चाकाखाली एक ओळ घालायचं चाललं आहे. मी विचारलं, कोणती? तो म्हणाला, 'प्रक्रिया सुरू आहे, कृपया प्रतीक्षा करा.' मी म्हटलं, अरे, प्रतीक्षा हे आमच्याकडे मुलीचं नाव असतं. 'आत्ता उत्तर येत नाही, तुम्ही जा, झालं की मेसेज पाठवतो,' असं लिहा ना. आणि तसा खरंच पाठवा.

"तसं लिहिता येतं, मामाजी," तो म्हणाला, "पण मग तिकडं कोणीतरी खरंच लक्ष ठेवावं लागतं. ओळ लिहायला अर्धा तास. त्या माणसाचा पगार कोणी द्यायचा ते अजून ठरून नाही रायलं."